नव्या पिसांच्या दुलईला वास येतोय? थांबा, लगेच धुऊ नका

एका बाईंचा प्रश्न थोडक्यात असा आहे. त्या आणि त्यांचा नवरा ऑक्टोबरात पुण्याहून म्युनिकला आले, थंडी पडायला लागल्यावर बदकाच्या पिसांच्या दोन दुलया आणि चार उशा ऑनलाइन मागवल्या, शनिवारी पार्सल आलं, प्लास्टिक फोडलं आणि बेडरूमभर कोंबड्यांच्या खुराड्यासारखा वास. नवरा म्हणतो मशीनला टाकून मोकळं होऊ, सासूबाई फोनवर म्हणतात ऊद घालून धुरी दे, विकणारे म्हणतात दोन दिवसांत जाईल, आणि आज बुधवार उजाडला तरी वास आहे तिथेच आहे. काय करू?

मी आधी मुंबईत एका हॉटेलच्या लाँड्रीत नऊ वर्षं होते आणि आता चौदा वर्षं इकडे जर्मनीत पिसं साफ करायच्या वर्कशॉपमध्ये आहे. इथे त्याला बेटफेडर्नरायनिगुंग म्हणतात, नाव ऐकून घाबरू नका, आपल्याकडे पिंजारी यायचा, गादी उसवून कापूस पिंजून परत भरून द्यायचा, तेच काम, फक्त कापसाच्या जागी पिसं आणि धनुकलीच्या जागी मशीन. तर माझं म्हणणं असं की आज तरी तिघांपैकी कुणाचंच ऐकू नका. नवऱ्याचं तर अजिबात नको, आणि त्याचं कारण वासापेक्षा वेगळंच आहे, ते शेवटी सांगते.

आधी वास येतो कुठून ते बघू, म्हणजे पुढचं सगळं आपोआप कळेल. पीस आणि डाउन या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पिसाला मधे कणा असतो, डाउनला तो नसतो, पक्ष्याच्या छातीवर वरच्या पिसांखाली जी मऊ लव असते ती, हातावर घेतली तर सावरीचा कापूस उडतो ना तशी दिसते. पाणपक्ष्यांच्या शेपटीच्या बुडाशी तेलाची ग्रंथी असते आणि ते दिवसभर चोचीने तेच तेल अंगाला चोपडत बसतात. म्हणजे पिसांत थोडा तेलकटपणा मुळातच आहे. कारखान्यात ती पिसं आधी झटकून धूळ काढतात, मग साबणाच्या पाण्यात धुतात, बऱ्याच वेळा खळबळतात, शंभर अंशांच्या वर वाफेने तापवून कोरडी करतात आणि मग उंच खोलीत हवेने उडवून हलकी वेगळी, जड वेगळी अशी निवडतात. यात तेल पूर्ण काढलं तर डाउन कडक होऊन तुटायला लागतं, त्याचा भुगा होतो, आणि जास्त राहिलं तर वास. त्यामुळे सगळा खेळ खळबळण्याचा आणि वाळवण्याचा आहे आणि स्वस्त मालात पाणी, वेळ नि वीज नेमकी तिथेच वाचवतात.

बदक आणि हंस यातही फरक पडतो. दुलईत असतो तो आपला चित्रातला राजहंस नाही, इथला पाळीव गूस. तो गवत, धान्य खाणारा. बदक काहीही खातं, किडे, गोगलगायी, मासे, चिखलातलं जे सापडेल ते. बदकाच्या डाउनला वास जरा उग्र असतो हे धंद्यातले सगळे मान्य करतात, म्हणून ते स्वस्तही मिळतं. याचा अर्थ बदकाचं डाउन वाईट असा नाही, नीट धुतलेलं असेल तर नाकाला कळतसुद्धा नाही. हंसाचं नीट न धुतलेलं त्याच्यापेक्षा घाण वास मारतं.

आता दमटपणा. पिसं, केस, लोकर, नखं हे सगळं केराटिन नावाच्या प्रोटीनचं. केराटिन हवेतलं पाणी शोषतं आणि पाणी आत शिरलं की आत चिकटून बसलेले वासाचे कण बाहेर ढकलले जातात. स्वेटर कोरडा असताना गप्प असतो आणि पावसात भिजला की मेंढी आठवते, तसंच. म्हणून बऱ्याच जणांची तक्रार अशी असते की दिवसा वास नव्हता आणि रात्री अंगावर घेतल्यावर आला. कारण रात्री तुमची ऊब आणि घाम दोन्ही आत जातात. त्यात नवीन दुलई येते ती हवा काढून, वडीसारखी चेपलेली, प्लास्टिकमध्ये आठवडेच्या आठवडे बंद, मग फोडल्याबरोबर सगळा साठलेला दर्प एकदम नाकात जातो. पहिल्या दिवसाच्या वासावरून माल वाईट आहे असं कधीच ठरवू नका. चार-पाच दिवस हवा दिल्यानंतरच्या वासावरून ठरवा.

आणि वास नुसता 'घाण' आहे म्हणून चालत नाही, कुठला आहे ते ओळखा. यात आपल्या भाषेचा मोठा फायदा आहे. इथले लोक येऊन सांगतात की वास येतो, बस, पुढे शब्दच नाही. आपल्याकडे प्रत्येक वासाला नाव आहे. खुराड्यासारखा, कोंदट, जनावराच्या अंगासारखा असेल तर तो पिसांचाच वास, थोडा तेलकटपणा, थोडी धूळ, हा बहुतेक वेळा जातो. प्लास्टिकचा, रंगाचा, नव्या बुटांच्या खोक्यासारखा असेल तर तो पिशवीचा नाहीतर वरच्या कापडाचा, डाउनची दुलई शिवतात ते सुती कापड खूप घट्ट विणीचं असतं आणि त्यावर पुन्हा फिनिशिंग, हा सगळ्यात लवकर जातो. हिवस, कुणी वशट म्हणतं, कच्च्या अंड्याचं भांडं नुसतं पाण्याने विसळलं तर येतो तसा असेल तर पिसं कमी धुतलेली आहेत, जाईल पण मेहनत आहे आणि प्रत्येक दमट दिवशी थोडा परत येईल. खवट, म्हणजे जुन्या खोबऱ्याचा, शिळ्या शेंगदाण्याचा, हा असेल तर आतलं तेलच बिघडलंय, त्याला घरी उपाय नाही. आणि कुबट, म्हणजे पावसाळ्यात बंद कपाट उघडल्यावर येतो तो, याचा अर्थ माल कुठेतरी गोदामात ओला झाला होता आणि आत बुरशी धरली असणार. खवट आणि कुबट या दोन्हीत वेळ घालवू नका, सरळ परत करा, मी इतकी वर्षं या धंद्यात असून माझ्या स्वतःच्या घरातही ठेवणार नाही.

ओळखायचं कसं, तर दुलई टेबलावर पसरा, नाक कापडाजवळ न्या आणि दोन्ही हातांनी जोरात दाबा, भात्यासारखी. जी हवा बाहेर येते ती आतल्या पिसांतून येते. मग एक पांढरा ओला फडका घट्ट पिळून कापडावर चार वेळा घासा आणि त्याचा वास घ्या, तो कापडाचा. दोन्ही वेगळे येतात, करून बघा. तिसरी गंमत म्हणजे दुलईचा एक कोपरा तोंडाला लावून आरशावर वाफ सोडतो तसा गरम श्वास चार-पाच वेळा त्यात सोडा आणि लगेच हुंगा. रात्री जे होणार आहे ते तिथेच कळतं. हसू नका, कारखान्यांच्या लॅबमध्येसुद्धा वासाची परीक्षा शेवटी माणसाच्या नाकानेच होते, पिसांचा नमुना थोडा ओलसर करून झाकणाच्या बरणीत ठेवतात आणि मग माणसं झाकण उघडून हुंगून सांगतात. स्वच्छतेसाठी वेगळी चाचणी असते, पिसं पाण्यात खळबळून ते पाणी काचेच्या उंच नळीत ओततात, खाली एक फुली असते, किती मिलिमीटर पाण्यातून ती फुली दिसते ते मोजतात, जितकं उंच तितका माल स्वच्छ. पण वासासाठी नाकच.

बरं, उपाय. पहिला उपाय हवा. हवा म्हणजे बाल्कनीत टाकून द्यायचं असं नाही, आणि इथेच आपले लोक चुकतात. आपल्या डोक्यात गच्ची असते, मे महिना असतो, गाद्यांना ऊन दाखवायचं की काम झालं. म्युनिकमध्ये नोव्हेंबरात ऊनच नाही, बाहेर धुकं, बाल्कनीत टांगलेली दुलई संध्याकाळी आत घ्याल तेव्हा आधीपेक्षा जास्त ओलसर असेल आणि वासही जास्त. पण एक गोष्ट बघा. बाहेर ० अंश तापमान आणि ८० टक्के आर्द्रता असली तरी त्या हवेत एका घनमीटरला जेमतेम ४ ग्रॅम पाणी असतं, कारण थंड हवेत पाणी मावतच नाही. तीच हवा खिडकीतून घरात आली आणि हीटरने २० अंशांपर्यंत तापली की तिची आर्द्रता एकवीस टक्क्यांच्या आसपास येते, म्हणजे एकदम कोरडी, तहानलेली हवा. (मुंबईत जुलैमध्ये ३० अंशांना ८५ टक्के म्हणजे घनमीटरला २६ ग्रॅमच्या आसपास पाणी, तिथे पिसांची दुलई वाळवणं म्हणजे पाण्यात बसून केस पुसणं.) म्हणून दुलई घरात, हीटर चालू असलेल्या खोलीत, कपडे वाळवायच्या दोन स्टँडवर आडवी पसरा, खालून-वरून हवा लागली पाहिजे, आणि दिवसातून तीन-चार वेळा पाच-दहा मिनिटं सगळ्या खिडक्या सताड उघडा, इथले लोक याला श्टोसल्युफ्टन म्हणतात आणि घरमालक यासाठी तुमच्या मागे लागलेला असेलच, त्याचा एवढा एक उपयोग. दुलई हीटरवर मात्र टाकायची नाही.

आणि हलवायची. हा भाग लोक गाळतात. नुसती पसरून ठेवलेली दुलई म्हणजे आत हवा अडकलेलीच राहते, डाउनचं कामच मुळी हवा अडकवणं आहे, म्हणून तर ऊब येते. सकाळ-संध्याकाळ दोघांनी दोन टोकं धरून चादर झटकतो तशी झटका, मग टेबलावर घालून भात्यासारखी दाबून आतली हवा काढा, परत झटका, मग उलटी करून पसरा. दहा मिनिटांचं काम. असं चार-पाच दिवस. कोरडं, सौम्य ऊन मिळालं तर दोन तास दाखवा, दिवसभर कडक उन्हात नको, पिसं ठिसूळ होतात. ज्या खोलीत फोडणीचा वास पोचतो त्या खोलीत हे करू नका, एवढं सांगायला नको पण सांगते, कारण मागे एका ओळखीच्या मुलीची दुलई बदकाचा वास जाऊन लसणाच्या फोडणीवर आली होती.

दुसरा उपाय ड्रायर, पण कोरडा, न धुता. लेबलवर चौकोनात गोल असलेलं चिन्ह बघा, एक ठिपका म्हणजे कमी उष्णता, दोन ठिपके म्हणजे नॉर्मल, त्यावर फुली असेल तर विषय संपला. दोन ठिपके असले तरी आपण कमीवरच लावायचं. एका वेळी एकच दुलई, सोबत दोन-तीन लोकरीचे ड्रायर बॉल नाहीतर टेनिसचे बॉल, नवे टेनिस बॉल स्वच्छ पांढऱ्या मोज्यात घालून गाठ मारा, नाहीतर रबराचा वास आणि वरचा हिरवा रंग दोन्ही दुलईला भेट. अर्धा तास फिरवा, बाहेर काढा, झटका, गार होऊ द्या, मग परत अर्धा तास. सलग दोन तास लावून झोपायला जाऊ नका. उबेने वासाचे कण सुटतात, बॉलने आतले गोळे फुटतात, फिरण्याने हवा बदलते, तिन्ही एकदम होतं, म्हणून घरच्या उपायांत याच्यासारखा दुसरा नाही. फक्त हल्ली घरात जे हीट पंपवाले किंवा कंडेन्सरवाले ड्रायर असतात ते तीच हवा गोल गोल फिरवतात, पाणी काढून घेतात पण वास बराचसा आतच राहतो, त्यामुळे प्रत्येक फेरीनंतर दार उघडून दुलई बाहेर काढून झटकणं गरजेचं. जवळच्या वाशसलोनमध्ये, म्हणजे पैसे टाकून मशीन वापरायच्या लाँड्रीत, गरम हवा बाहेर फेकणारे मोठे ड्रायर असतील तर तिकडेच जा, ड्रम मोठा असल्याने दुलई फुलायला जागाही मिळते. आधी ड्रायरच्या आत डोकं घालून हुंगा मात्र, आधीच्या माणसाने सुगंधी शीट टाकलं असेल तर पुढचं मशीन.

आता सासूबाईंची धुरी. त्यांचा हेतू चांगला आहे, बाळंतिणीच्या खोलीत, न्हाल्यावर केसांना, बाळाच्या लंगोटांना धुरी द्यायची आपली पद्धत आहेच. पण डाउन म्हणजे लाखो बारीक धाग्यांचं जाळं आहे, त्यात धूर शिरला की तो निघत नाही. उदाचा वास आणि बदकाचा वास एकत्र झाला की जे तयार होतं त्याला मराठीतसुद्धा शब्द नाही. कापूर, डांबराच्या गोळ्या, अत्तर, रूम फ्रेशनर, ते कपड्यावर मारायचे सुगंधी स्प्रे, सगळ्यांना हाच नियम. वास झाकायचा नाही, काढायचा. इकडे आल्यावर पहिल्याच वर्षी मी स्वतः माझी दुलई उन्हाळ्यात डांबराच्या गोळ्या टाकून ट्रंकेत ठेवली होती, कसर लागू नये म्हणून, शहाणपणा. पुढच्या हिवाळ्यात काढली तर डोळ्यांतून पाणी. दोन सीझन वाळवली, दोनदा वर्कशॉपमध्ये मशीनला घातली, तरी गरम झाली की गोळ्या हजर.

खाण्याच्या सोड्याबद्दल सगळीकडे लिहिलेलं सापडेल, भुरभुरवा, रात्रभर ठेवा, व्हॅक्यूम करा. करायला हरकत नाही, पण तो कापडाच्या वरच्या वासावर थोडं काम करतो, कापड इतकं घट्ट असतं की आतली पिसं बाहेर येत नाहीत, तर सोडा आत कुठून जाणार. व्हिनेगरचा फवारा नको, ओलं करणं हेच मुळात नको. कोळशाच्या पिशव्या मिळतात, एका मोठ्या खोक्यात दुलई आणि त्या पिशव्या असं आठवडाभर ठेवून थोडा फरक पडतो, पण तुमच्याकडे तेवढे दिवस नाहीत.

मग धुवायचं कधी? परत करायची नाही असं पक्कं ठरल्यावर, आणि हवा नि ड्रायर दोन्ही करून वास उरलाच तर. धुणं सोपं आहे, वाळवणं कठीण आहे, आणि हे मी शिकले ते साठ उशा फेकून. मुंबईत हॉटेलात असताना ऐन जुलैत पिसांच्या नव्या उशा आल्या, वास होता, वरून हुकूम आला की सगळ्या धुऊन टाका. धुतल्या, ड्रायर केला, वरून हात लावला तर गरम आणि कोरड्या, रचून ठेवल्या. चौथ्या दिवशी कपाट उघडलं तर कुबट भपकारा. वरची पिसं वाळली होती, मधला गोळा ओला राहिला होता, आणि पिसांचा ओला गोळा म्हणजे बुरशीला आमंत्रण. हाताने दाबल्यावर मधे गाठी लागत होत्या, तेव्हा कळायला हवं होतं, पण तेव्हा कुणी शिकवलंच नव्हतं.

त्यामुळे धुवायच्या आधी दुलईचं वजन करा. तुमच्याकडे बॅगा मोजायचा काटा असणारच, २३ किलोच्या धास्तीने आपल्यापैकी प्रत्येकाकडे तो असतो. दुलई पिशवीत घालून काट्याला लटकवा, आकडा लिहून ठेवा. धुऊन वाळवल्यावर जोवर काटा तोच आकडा दाखवत नाही तोवर ती ओली आहे, हाताला काहीही वाटो. पन्नास-शंभर ग्रॅम जास्त भरले तरी तेवढं पाणी आत आहे. वर्कशॉपमध्येही मी नव्या मुलांना हेच शिकवते, हात खोटं बोलतो.

धुताना ड्रममध्ये दुलई कोरडी घालून वर निदान तिसरा हिस्सा जागा उरली पाहिजे, १३५ बाय २०० सेंटीमीटरची पातळ दुलई घरच्या ७-८ किलोच्या मशीनला जाते, मोठी किंवा जाड असेल तर वाशसलोन. साबण डाउनसाठीचाच घ्या, निक्वॅक्सचा डाउन वॉश मिळतो, किंवा लोकरीचा लिक्विड साबण, तोही मोजून थोडा. नेहमीच्या पावडरीत प्रोटीन तोडणारे एन्झाइम असतात, रक्त-दुधाचे डाग काढायला, आणि पिसं ही स्वतःच प्रोटीन आहेत, पुढचं समजून घ्या. फॅब्रिक सॉफ्टनर नको, तो पिसांवर थर धरतो आणि दुलई फुलायची थांबते. ३० किंवा ४० अंश, लेबल सांगेल ते, आणि पाण्याच्या दोन फेऱ्या जास्तीच्या, कारण राहिलेला साबण हाही पुढे वासच. मशीनमधून काढल्यावर जो वास येईल त्याने हादरू नका, ओल्या कुत्र्यासारखा येतो, चांगल्यातल्या चांगल्या हंसाच्या डाउनलाही येतो, वाळलं की जातो. मग कमी उष्णतेवर ड्रायर, दर अर्ध्या तासाने बाहेर काढून बोटांनी गोळे फोडायचे, परत टाकायचं, तीन ते पाच तास सहज जातात. शेवटी एक दिवस उबदार खोलीत पसरून, मग काटा. ड्रायर नसेल तर धुऊच नका, हिवाळ्यात तर नाहीच. आणि ड्राय क्लीनिंगला पाठवू नका, सॉल्व्हेंट पिसांतलं उरलंसुरलं तेल ओढून घेतं आणि स्वतःचा वास ठेवून जातं.

उशांबद्दल वेगळं फार नाही. पिसं जास्त दाबून भरलेली असतात, नाक थेट त्यावर असतं, म्हणून वास दुलईपेक्षा जास्त जाणवतो आणि जायलाही जास्त दिवस लागतात. मधे पोळी लाटतो तशी बाजू बदलत राहा, हाताने चारही बाजूंनी कुटा, धुवायच्या झाल्या तर दोन-दोन एकत्र टाका म्हणजे मशीन उड्या मारत नाही. नुसता अभ्रा बदलून वास जाणार नाही, पण आत एक जाड सुती खोळ आणि वर अभ्रा असं केलं की पहिले काही आठवडे सुसह्य होतं.

एक गैरसमज जाता जाता. पार्सलवर आरडीएसचा (रिस्पॉन्सिबल डाउन स्टँडर्डचा) शिक्का आहे मग वास कसा, असं तुम्ही विचारलंय. तो शिक्का २०१४ पासूनचा, पक्ष्यांना कसं वागवलं, जिवंतपणी पिसं उपटली नाहीत ना, याचा आहे. ओको-टेक्सचा असतो तो घातक रसायनांबद्दल. दोन्ही चांगले, पण पिसं किती वेळा खळबळली हे त्यावरून समजत नाही. आणि अजून एक, खासगीतलं म्हणा, काही घरांत, विशेषतः शाकाहारी, पक्ष्याची पिसं अंगावर आहेत हा विचारच सोसत नाही आणि मग वास गेला तरी नाकाला येत राहतो. त्यात चुकीचं काही नाही. तसं असेल तर सरळ लोकरीची किंवा सिंथेटिक घ्या, ती दुलई कितीही धुतली तरी मनातून जाणार नाही.

आता नवऱ्याला का थांबवलं ते. युरोपियन युनियनमध्ये दुकानदाराकडून ऑनलाइन घेतलेली अशी वस्तू हातात आल्यापासून १४ दिवसांत कारण न देता परत करता येते. प्लास्टिक फोडलं म्हणून हक्क जात नाही, गादीच्या बाबतीत नेमका हाच वाद युरोपियन न्यायालयात गेला होता आणि २०१९ मध्ये निकाल आला की वरचं प्लास्टिक काढलं तरी गादी परत करता येते. पण उघडून बघणं वेगळं आणि वापरून, धुऊन माल बदलणं वेगळं, धुतलेली दुलई परत केलीत तर ते पैसे कापू शकतात आणि तुमच्याकडे बोलायला काही राहत नाही. म्हणजे धुणं हा एकच उपाय असा आहे की जो फसला तर परतीचं दार पण बंद. अंथरुणात घेऊन झोपूही नका तोपर्यंत, जुन्या ब्लँकेटवर काढा हे दिवस.

पार्सल शनिवारी आलं, म्हणजे मुदत येत्या शनिवारच्या पुढच्या शनिवारपर्यंत, अजून दहा दिवस आहेत. आज संध्याकाळी विकणाऱ्याला मेल टाका, वास येतोय, काय करू, ड्रायर चालेल का, असं लेखी विचारा, ते 'चालेल' म्हणाले की ड्रायरवरून नंतर भांडता येणार नाही त्यांना. आजपासून रविवारपर्यंत पसरणं-झटकणं. सोमवारी-मंगळवारी ड्रायरच्या दोन-तीन फेऱ्या. बुधवारी सकाळी, चहा घ्यायच्या आधी, नाक ताजं असताना, कोपऱ्यात गरम श्वास सोडून बघा. थोडासा, नाक घुसवल्यावरच कळणारा वास असेल तर ठेवा, महिनाभरात वापरता वापरता जाईल. हातभर अंतरावरून येत असेल किंवा खवटपणा जाणवला तर त्याच दिवशी परतीचा मेल, आणि ती मूळ पिशवी अजून कचऱ्यात गेली नसेल तर आत्ता उठून बाजूला काढून ठेवा.